जळाऊ लाकडाची निःपक्षपाती चौकशी

आमच्या घरात लाकडाची शेगडी बसवली, त्याच दिवशी ताईचा फोन आला.

"मी दोन आठवड्यांनी शनिवारी येतेय. तोवर तुझं घर गरम झालं तर ठीक, नाहीतर बाबांना मी घेऊन जाते."

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिच्या वाक्यात 'नाहीतर' आलं की त्याच्या आधीचा भाग नुसता ऐकायचा असतो आणि नंतरच्या भागाची तयारी करायची असते. तिच्या घरी भिंतीतल्या नळ्यांमधून गरम पाणी फिरतं. बटण दाबलं की खोली तापते, आणि नको झालं की तेच बटण पुन्हा दाबायचं. आमच्या घरी त्या आठवड्यात भिंतीवरचं तापमापक सकाळी नऊ अंश दाखवत होतं. विजेचा हीटर लावला की अख्ख्या वसाहतीचे दिवे जायचे आणि सगळे आमच्याच दाराकडे बघायचे. म्हणून बाबा दिवसभर स्वयंपाकघरात गॅसजवळ स्टूल टाकून बसत, भाजी निवडायच्या निमित्तानं. भाजी संपली तरी बसत. एकदा बायकोनं निवडलेलीच भाजी त्यांच्यापुढे परत ठेवली आणि त्यांनी ती एक अक्षर न बोलता पुन्हा निवडली. ते मी दारातून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी शेगडी आणली.

शेगडी उत्तम होती. कमरेइतकी उंच, काळी, लोखंडी, पुढे काचेचं दार, मागून निघालेलं धुराडं खिडकीच्या वरच्या तावदानातून बाहेर. प्रश्न इतकाच होता, की तिच्यात घालायचं काय.

लाकूड, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच म्हणालो होतो. पण शेगडी जिन्यातून वर चढत असतानाच वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर कठड्यावरून म्हणाले, "बाभूळ. दुसरं नाव काढू नका." समोरच्या दवाखान्यातले कंपाउंडर शेगडीचा एक पाय धरून होते, ते म्हणाले, "निलगिरी आणा. घरात सर्दी राहत नाही." वखारवाल्याकडे चौकशी केली तर तो म्हणाला, "आंबा न्या भाऊ, आंबा सगळ्यांना चालतो." त्याच्या वखारीत आंब्याचा ढीग छपराला टेकला होता, हे मी पाहून ठेवलं. बायको म्हणाली, "ज्यानं माझे पडदे काळे होणार नाहीत ते." बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "बघ."

दुसरा कुणी असता तर तिघांतलं एक नाव चिठ्ठी टाकून ठरवलं असतं. पण मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. एकोणीस वर्षं मी दुकानांमधले काटे तपासतो आहे, आणि या काळात मला एकच गोष्ट पक्की कळली आहे, ती म्हणजे माणूस छातीवर हात ठेवून जे सांगतो ते काट्यावर ठेवलं की साधारण दहा टक्के कमी भरतं. मी ठरवलं, की मतं पुरे. मोजून बघायचं.

मी तिन्ही प्रकारचं लाकूड आणलं, पाच-पाच किलोचे दोन-दोन गठ्ठे. एक मोठा कागद आखला. लाकडाचा प्रकार, पेटायला लागलेला वेळ, सुरुवातीचं तापमान, एका तासानंतरचं, दोन तासांनंतरचं, धूर, राख, आणि शेवटच्या रकान्यात बाबांचे गुण, दहापैकी. तापमापकं तीन: एक भिंतीवर, एक कोपऱ्यात आणि एक बाबांच्या खुर्चीच्या दांडीला बांधलेलं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कुणाला दाखवायचंय?" मी म्हटलं, कुणाला नाही, आपल्याच माहितीसाठी. त्यावर ते खुर्चीत जरा अवघडून बसायला लागले.

राहिला वजनकाटा. कचेरीतला काटा घरी आणणं म्हणजे सरकारी वस्तूचा खाजगी वापर, आणि तो इतर कुणी केला असता तर मीच नोटीस दिली असती. शेवटी कंपाउंडरांनी दवाखान्यातला जुना काटा दिला. तो तान्ह्या बाळांचं वजन करायचा होता. वर गुलाबी रंगाचं पसरट तबक, बाळ पडू नये म्हणून दोन्ही कडा वळवलेल्या. त्यात बाभळीचं फाटं इतकं नेमकं बसायचं, की बायकोनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचा हात आपोआप टॉवेलकडे गेला.

पहिला दिवस आंब्याचा होता.

धुराड्याला एक झडप असते आणि पेटवण्याआधी ती उघडायची असते, हे माहितीपत्रकात लिहिलं होतं. माहितीपत्रक मी वाचलं होतं. पण त्यातल्या चित्रात झडपेची कळ डावीकडे होती आणि आमची उजवीकडे निघाली. त्यामुळे मी जी उघडली ती बंद झाली. पाच मिनिटांत मला कोपऱ्यातलं तापमापक दिसेना, दहा मिनिटांत कोपरा दिसेना. मग कळ सापडली, धूर बाहेर गेला आणि बाहेर जाऊन सरळ वर, हेडमास्तरांच्या खिडकीत शिरला. नाकाला ओला रुमाल लावून ते खाली आले.

"हे आंब्याचं दिसतंय," ते रुमालातून म्हणाले.

"हो सर."

"दोन फाटी एकमेकांवर आपटून बघितलीत का? वाळलेलं लाकूड खणखणीत वाजतं. ओलं लाकूड बसक्या आवाजात बोलतं." त्यांनी दोन फाटी उचलून आपटली. आवाज अगदी बसका आला. "नापास," ते म्हणाले आणि वर गेले.

सगळी दारंखिडक्या उघडावी लागल्यामुळे खोलीचं तापमान वाढण्याऐवजी एक अंशानं उतरलं. मी बाबांना गुण विचारले.

"दिसत काही नाही, गुण कसे देऊ?" ते म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

दुसरा दिवस निलगिरीचा. निलगिरी काडी दाखवायचा अवकाश, की भडकली. तडतड, फटफट, ठिणग्या काचेवर. खोलीभर असा वास सुटला, की महिनाभर चोंदलेलं बाबांचं नाक मोकळं झालं. मला आनंद झाला आणि मी तो कंपाउंडरांना बोलून दाखवला. ही चूक. कंपाउंडरांनी संध्याकाळच्या पेशंटांना सांगितलं, की औषध कशाला घेता, समोर जाऊन बसा. पाऊण तासात आमच्या बाहेरच्या खोलीत नऊ माणसं डोळे मिटून दीर्घ श्वास घेत बसली होती. त्यातल्या दोघांना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तापमान तेवीसवर गेलं. पण तेवीसमधलं निलगिरीचं किती आणि माणसांचं किती? माणूसही तापतो, त्याचीही ऊब असते, हा विज्ञानाचा साधा नियम आहे. मी नम्रपणे सांगितलं, की अर्धा तास सगळ्यांनी जिन्यात थांबलं तर नोंद बिनचूक घेता येईल. कुणी हललं नाही. एक बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "आमचं वजन करा आणि त्या हिशेबानं वजा करा. काटा आहेच ना."

तासाभरात निलगिरी संपली. माणसं मात्र आठ वाजेपर्यंत होती. बाबांनी पाच गुण दिले. "गर्दी फार," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी बाभूळ. बाभूळ पेटेचना. हेडमास्तर खास खाली येऊन खुर्ची घेऊन बसले होते. "बाभळीला संयम लागतो," ते दर दहा मिनिटांनी सांगत होते. दीड तास संयम ठेवल्यावर मी बारीक ढलप्या काढायला अंगणात गेलो. परत येतो तो शेगडीत बाभूळ लालबुंद पेटलेली, आणि बायको हात झटकत उभी.

"कशानं पेटवलीस?"

"कागद होता इथे एक मोठा. त्यानं चटकन धरलं."

मी शेगडीच्या काचेतून पाहिलं. 'बाबांचे गुण' ही अक्षरं तपकिरी होत होती.

"अहो, मला काय माहीत? एका बाजूनंच लिहिलेलं होतं. मला वाटलं, महत्त्वाचं असतं तर दोन्ही बाजूंनी लिहिलं असतं."

बाभूळ अप्रतिम जळली. तापमान एकवीसवर जाऊन तिथेच थांबलं, दोन तास हललं नाही. बाबा आपण होऊन स्वयंपाकघरातून बाहेर आले, पाय लांब करून बसले, आणि न विचारता म्हणाले, "सात." पण सात कशाच्या तुलनेत? तुलना तर जळून गेली होती.

बायको म्हणाली, "मग बाभूळ आणा आणि निलगिरीच्या ढलप्यांनी पेटवा. संपला विषय."

तिचं म्हणणं मी मानलं असतं तर विषय खरोखर तिथेच संपला असता. पण अर्धवट नोंदींवरून निष्कर्ष काढणं हे माझ्या खात्यात बसत नाही. शिवाय माणसाचा कागद जळतो तेव्हा त्याला काहीतरी सिद्ध करायचं असतं, काय ते तितकंसं स्पष्ट नसलं तरी. मी दुसरा कागद आखला आणि शेगडीमागे ठेवलेले उरलेले तीन गठ्ठे पहिल्यापासून मोजायला घेतले.

पाच किलोचा आंबा चार किलो दोनशे ग्रॅम भरला.

मी काट्यावर संशय घेतला. एक किलोचं साखरेचं न फोडलेलं पाकीट ठेवलं, बरोबर एक किलो. पुन्हा आंबा ठेवला, चार दोनशे. निलगिरी साडेचार, बाभूळ चार सहाशे. म्हणजे शेगडीच्या धगीनं चारच दिवसांत तिन्ही गठ्ठ्यांतून मिळून जवळजवळ पावणेदोन किलो पाणी उडून गेलं होतं.

"याचा अर्थ कळतो का तुला?" मी बायकोला म्हणालो. "आपण वखारीतून लाकूड आणलंच नाही. आपण लाकूड आणि पाणी आणलं."

हे मी स्वयंपाकघरात म्हणालो आणि खिडकी उघडी होती. वर हेडमास्तरांची खिडकी नेहमीच उघडी असते, धूर बाहेर जावा म्हणून. संध्याकाळपर्यंत वसाहतीत बातमी झाली, की वखारवाला लाकडात पाणी घालतो आणि हे सरकारी तपासात उघड झालं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना बेल वाजली. जिन्यात खालपर्यंत माणसं उभी होती. कुणी बादलीत लाकडं आणली होती, कुणी पिशवीत, एकानं बाबागाडीत. सगळ्यांना आपलं लाकूड मोजून हवं होतं. मी नाही म्हणायला हवं होतं, हे आता सगळेच सांगतात. पण एकोणीस वर्षांत मला पाहून आनंद झालेला माणूस मी पाहिला नव्हता. मी दुकानात शिरलो की लोक दिवे मालवतात. आणि इथे सोळा माणसं माझ्या गालाला साबण असताना माझी वाट बघत होती. मी मोजलं. प्रत्येकाला चिठ्ठीवर वजन लिहून दिलं. आणि हाताला सवय म्हणून प्रत्येक चिठ्ठीखाली सही केली, आणि सहीखाली हुद्दा लिहिला.

त्या चिठ्ठ्या घेऊन सोळा माणसं वखारीत गेली.

वखारवाला शांत माणूस आहे. तो कुणाशी भांडला नाही. त्यानं फक्त एक चिठ्ठी मागून घेतली, नीट घडी घातली आणि दोन दिवसांनी आमच्या कचेरीत टाईप केलेली तक्रार आणून दिली. तीत लिहिलं होतं, की सदर इसम आपल्या राहत्या घरी अप्रमाणित काट्यावर, तोही तान्ह्या मुलांच्या, जनतेच्या लाकडाचं वजन करून हुद्द्यानिशी दाखले देतो, तरी त्याची चौकशी व्हावी.

तक्रार कुठल्या निरीक्षकाकडे जायची हे वॉर्डावरून ठरतं. माझं घर तिसऱ्या वॉर्डात आहे. तिसरा वॉर्ड माझ्याकडे आहे. दुपारी शिपायानं ती माझ्याच टेबलावर आणून ठेवली. मी ती घेऊन आमच्या साहेबांकडे गेलो.

"साहेब, ही तक्रार माझ्याविरुद्ध आहे."

साहेबांनी मान वर केली नाही. "वॉर्ड कुणाचा?"

"माझाच."

"मग?"

"मी माझीच चौकशी कशी करू?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "निःपक्षपातीपणे," ते म्हणाले. "पंचनामा करा, माल सील करा, काटा सील करा. सुनावणीला मी स्वतः जागेवर येईन. शनिवारी दुपारी."

शनिवार म्हणजे ताईचा शनिवार.

मी बॅग घेतली, शिसं घेतलं, सुतळी घेतली, सील मारायची पक्कड घेतली आणि कामाच्या वेळेत घरी गेलो. स्वतःच्या घराची बेल वाजवताना माणसाला काय वाटतं हे वाजवल्याशिवाय कळत नाही. किल्ली खिशात होती, पण निरीक्षकानं किल्लीनं आत जायचं नसतं.

बायकोनं दार उघडलं. "आज लवकर?"

"तपासणीसाठी आलोय. घरमालक आहेत का?"

तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग मी तिला सगळं सांगितलं. ती तिथेच जिन्याच्या दारात बसली आणि बराच वेळ हसली. पण नोटीस घ्यायची वेळ आली तेव्हा तिनं ती पूर्ण वाचल्याशिवाय सही करायला नकार दिला, आणि वाचून झाल्यावर म्हणाली, "यात माझ्या नवऱ्याला 'सदर इसम' म्हटलंय. मी नाही सही करणार." शेवटी बाबांनी सही केली. "मला सदर इसम जन्मापासून माहीत आहे," ते म्हणाले.

पंच म्हणून हेडमास्तर आणि कंपाउंडर आले. मी निरीक्षक म्हणून प्रश्न विचारले आणि गृहस्थ म्हणून उत्तरं दिली. दुसरं-तिसरं उत्तर समाधानकारक वाटलं नाही, तसा शेरा मारला. पंचनाम्यावर दोन ठिकाणी सह्या केल्या. बायको मागून वाकून बघत होती. ती म्हणाली, "या दोन सह्या एका माणसाच्या वाटत नाहीत." खरं होतं. निरीक्षकाची सही नेहमीसारखी होती, आरोपीची थरथरली होती. हेडमास्तरांनी पंचनामा वाचला, खिशातून लाल पेन काढलं, चार ठिकाणी वेलांट्या दुरुस्त केल्या आणि मगच सही केली.

मी बाळांचा काटा सील केला. शेगडीमागचे तिन्ही गठ्ठे, आणि बाभूळ आवडली म्हणून नंतर आणलेले आणखी दोन, असा सगळा माल सुतळीनं बांधला, गाठीवर शिसं दाबलं, आणि त्यावर चिठ्ठी अडकवली: मुद्देमाल. सुनावणीपर्यंत हात लावू नये.

चिठ्ठी लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की घरात दुसरं लाकूड नाही.

वखारवाल्याकडे गेलो. तो गल्ल्यावर हात जोडून उभा राहिला. "भाऊ, तुमच्यावर राग नाही. पण प्रकरण चालू असताना मी तुम्हाला लाकूड विकलं तर उद्या म्हणतील, पुराव्यात पुरावा मिसळला." त्याचं बरोबर होतं. मी असतो तर हेच म्हटलं असतं. दुसरी वखार चौदा मैलांवर.

पुढचे तीन दिवस शेगडी गार होती. तापमापक परत नऊवर आलं, एका सकाळी आठ. बाबांनी तक्रार केली नाही. बुधवारी संध्याकाळी मी घरी आलो तर त्यांची खुर्ची रिकामी होती, तिच्या दांडीला नुसतं तापमापक लटकत होतं. ते पुन्हा गॅसजवळच्या स्टुलावर बसले होते, पुढे भाजीचं ताट. मी ताटात पाहिलं. भाजी निवडलेलीच होती. मी बाहेर आलो आणि सील केलेल्या बाभळीकडे बघत बसलो. मला पहिल्यांदा वाटलं, की ताईनं त्यांना नेलं तर ते बरं होईल, आणि असं वाटल्याबद्दल मला स्वतःचा इतका राग आला, की मी रात्री नीट जेवलो नाही.

शनिवारी दुपारी ताईला आणायला बसस्टँडवर गेलो. बस पाऊण तास उशिरा आली. ताई उतरली ती मोठी रिकामी बॅग घेऊन.

"ही कशाला?" मी विचारलं.

"बाबांच्या कपड्यांना," ती म्हणाली. "घर गरम झालं?"

मी म्हटलं, प्रकरण चौकशीत आहे.

घरापाशी आलो तर दाराबाहेर दोन जोड अनोळखी बूट. साहेब वेळेआधी आले होते. दार उघडलं आणि अंगावर ऊब आली, चेहऱ्यावर, मानेवर, अगदी कोटाच्या आत. शेगडी धडधडत होती. साहेब माझ्या खुर्चीत बसले होते, पायांत नुसते मोजे, तळवे शेगडीकडे केलेले, हातात चहा. वखारवाला जमिनीवर उकिडवा बसून सळईनं निखारे सारखे करत होता. बाबा त्यांच्या खुर्चीत, आणि त्यांच्या पायाशी कापलेली सुतळी आणि शिशाच्या चार मोहरा ओळीनं मांडलेल्या.

ताई मागून म्हणाली, "अरे, आत तर हो."

साहेब माझ्याकडे वळले. "या, या. तुमच्या वडिलांशी गप्पा चालल्यात. काय मस्त पेटलीय हो. कुठलं लाकूड हे?"

उत्तर बाबांनी दिलं.

"मुद्देमाल," ते म्हणाले.

शेगडीत एक फाटं तडकलं. साहेबांनी पायाशी मांडलेल्या मोहरांकडे पाहिलं, मग शेगडीकडे, मग आपल्या मोज्यांकडे. मोज्यांतून थोडी वाफ निघत होती.

"किती उरलाय?" त्यांनी विचारलं.

"एक गठ्ठा आहे. टाकू?" बाबा म्हणाले.

साहेबांनी चहाचा एक घोट घेतला. "टाका," ते म्हणाले.

बाबांनी आधीच्या चार सुतळ्या स्वयंपाकघरातल्या सुरीनं कापल्या होत्या, पाचवीही तशीच कापली. वखारवाल्यानं फाटी आत रचली. आपलं लाकूड असं जळताना बघून त्याचा चेहरा फुलला होता. "बघा साहेब, भाऊंच्या वडिलांना कळलं," तो म्हणाला. "निलगिरीनं पेटवायचं, आंब्यानं वाढवायचं, बाभळीनं टिकवायचं. एकट्यादुकट्या लाकडाचं काम नाही हे. तिन्ही लागतात."

मी बाबांकडे पाहिलं. "तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू मला नुसते गुण विचारत होतास," बाबा म्हणाले.

सुनावणी अर्ध्या तासात आटोपली. साहेबांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं, की मुद्देमालाची प्रत्यक्ष पाहणी केली असता तो जळाऊ लाकूडच असल्याची खात्री पटली. वखारवाल्यानं आपणहून कबूल केलं, की यापुढे ओला माल वाळलेल्यातून वेगळा ठेवून तसं सांगून विकेन. मी लिहून दिलं, की यापुढे घरी कुणाचंही लाकूड मोजणार नाही. काट्याचं सील काढून तो दवाखान्यात परत करण्याचे आदेश झाले, कारण तिकडे दोन बाळं वजनाची वाट बघत होती. माझ्या चौकशीबद्दल साहेबांनी शेरा दिला, 'निःपक्षपाती, पण लांबलेली.'

शेरा लिहून झाल्यावरही साहेब उठले नाहीत. वखारवालाही उठला नाही. बायकोनं पुन्हा चहा टाकला.

ताई इतका वेळ दारापाशी उभी होती, हातात ती मोठी बॅग. तिनं भिंतीला हात लावून पाहिला, मग बाबांच्या हाताला. हात गरम होता, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि तेवढ्यावर ती हटणार नाही हेही कळलं.

"आज गरम आहे," ती म्हणाली. "उद्याचं काय? उद्या पुन्हा कसलं तरी प्रकरण निघेल. बाबा, तुम्ही माझ्याकडे चला. तिथे बटण दाबलं की झालं. लाकूड नाही, धूर नाही, पंचनामा नाही."

बाबांनी विचार केला. ते कुठल्याही प्रश्नाचं उत्तर विचार केल्याशिवाय देत नाहीत. मी खाली मान घालून फरशीकडे बघत होतो.

"बटण दाबल्यावर मग दिवसभर काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. आराम करायचा."

"तेच तर," बाबा म्हणाले. "तुझ्याकडे नुसतं गरम असतं गं. इथे रोज काहीतरी होतं."

ताई माझ्याकडे बघत राहिली. तिनं बॅग खाली ठेवली. हातमोजे काढले, बोटं दोन-तीन वेळा मिटून उघडली, आणि शेगडीसमोरच्या खुर्चीजवळ जाऊन आमच्या साहेबांना म्हणाली, "जरा सरकता का?"

साहेब सरकले.